धुतलेल्या बाटल्यांचा वास

आधीच सांगून ठेवतो, मी रेडिओ मेकॅनिक आहे. भूत, भानामती, अंगात येणं, स्वप्नात कुणी येऊन सांगणं — यातलं काहीही माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही. सेट बंद पडला की त्याला कारण असतं. कंडेन्सर गेलेला असतो, सोल्डर सुटलेलं असतं, नाहीतर उंदराने वायर कुरतडलेली असते. या सदरातले अनुभव मी आवडीने वाचतो आणि वाचून झाले की बायकोला समजावून सांगतो, बघ, फॉल्ट इथे असणार. आता मीच लिहायला बसलो म्हटल्यावर ती स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसते आहे... हसू दे.

दुसरी गोष्ट माझ्या नाकाची. तिसरीत असताना मला टायफॉइड झाला. वाचलो, पण वास गेला तो गेलाच. सुगंध नाही की दुर्गंध नाही, काही म्हणजे काही नाही. माझ्या धंद्यात ही मोठी पंचाईत. दुसरा मेकॅनिक नाकाने ओळखतो की ट्रान्सफॉर्मर जळायला लागला, मला मात्र धूर दिसल्यावर कळतं. सौसरच्या माझ्या दुकानात गिऱ्हाईक ओरडायचं, "अशोकभाऊ, जळून राहिलं न काहीतरी!" तेव्हा मी प्लग ओढायचो. मित्र म्हणायचे तुझं बरं आहे, नालीच्या बाजूला बसून जेवू शकतोस. मीही हसायचो. सवय झाली होती.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची आहे. तेव्हा पांढुर्णा जिल्हा झाला नव्हता, सगळी कागदपत्रं छिंदवाड्याची. पांढुर्ण्याला स्टेशनच्या अलीकडे, संत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्यांच्या ओळीमागे माझ्या मामाचं घर होतं. दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीसमोर अंगण. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली फळीवर बाटल्या. त्या फळीवर, पलंगाखाली, कोनाड्यात, जिथे पाहाल तिथे बाटल्या!

मामा कंपाउंडर होता. ज्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे त्याने उमेदीची सगळी वर्षं काढली, त्यांच्या दवाखान्यातल्या जुन्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या तो घरी आणायचा. काही डॉक्टरांच्याही आधीच्या, इंग्रजांच्या वेळच्या. दवाखाना बंद झाला तेव्हा उरलेल्याही तो बैलगाडीत घालून घेऊन आला. मामी म्हणायची, "लोकं दवाखान्यातून पगार आनतात, आमचे हे काच आनतात." पण मामाला त्यांची माया होती. पावसाळ्यात लेबलांना बुरशी लागू नये म्हणून तो त्या कोरड्या कापडाने पुसत बसायचा.

त्या बाटल्यांना गिऱ्हाईक येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. नागपूरचे कासिमभाई जुन्या वस्तूंचे व्यापारी, पेट्यांच्या कामासाठी कुणाबरोबर तरी त्या गल्लीत आले आणि मामाच्या दारातून त्यांची नजर फळीवर गेली. आत आले. दोन-तीन बाटल्या हातात घेऊन उजेडात धरल्या आणि म्हणाले, रविवारी जीप घेऊन येतो, सगळा माल बघतो, पटला तर एकदम उचलतो.

मामाला हे किती मोलाचं होतं ते सांगायला हवं. त्याची मुलगी संगीता मॅट्रिकला चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि नागपूरला नर्सिंगच्या ट्रेनिंगला तिचा नंबर लागला होता. आमच्या सगळ्या नातेवाइकांत अशी पहिली पोरगी. पण होस्टेलचे आणि फीचे पैसे त्याच आठवड्यात भरायचे होते आणि मामाकडे ते नव्हते. इकडे लोधीखेड्याचं एक स्थळ मामीच्या भावाने आणून ठेवलं होतं. मुलगा वाईट नव्हता. मामी सरळ म्हणाली होती, पैसे जमले तर नागपूर, नाही जमले तर लोधीखेडा. संगीताने त्यावर हो की नाही केलं नाही, नुसती मान खाली घातली. तिचं हे मान खाली घालणं मला अजिबात सहन झालं नव्हतं.

रविवारी सकाळच्या बसने मी सौसरहून निघालो आणि मामाकडे पोचलो. अंगणात शिरलो आणि डोळे दिपले! दोन बाजांवर, चटईवर, पडवीच्या कठड्यावर शंभराच्या आसपास बाटल्या उन्हात नुसत्या चकाकत होत्या. निळ्या, पिवळसर, हिरव्या, पाण्यासारख्या पांढऱ्या. संगीता पदर खोचून उभी होती, हात चिंचेने आणि राखेने खरबरीत झालेले, चेहरा मात्र फुललेला.

"पाय भाऊ! काल दिवसभर घासून राहिलो मी न् आई. आतून ज्वारीचे दाने घालून हलवल्या, राख लावली, चिंच लावली, सात पान्याने धुतल्या. नागपूरचा मानूस येनार, त्याले काय मळके दाखवाचे?"

आमच्याकडची ही रीतच. पाहुणा येणार म्हटलं की घरातलं पितळ, पोरं, म्हैस, सगळं घासून काढायचं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट मी तिचं कौतुकच केलं. मामा काल पैशांच्या खटपटीत दिवसभर बाहेर होता, आणि आज सकाळपासून तो वेताच्या मोड्यावर नुसता बसून होता. त्याच्या पायाशी सूप होतं आणि सुपात पापडासारखी वाळत घातलेली... लेबलं. पाण्यात भिजून सुटून आलेली. त्यावरची चित्रं आवडली म्हणून संगीताने ती फेकली नव्हती, एवढंच नशीब.

कासिमभाई आले, अंगणाच्या दारातच थबकले. मग हळूच चटईच्या कडेला बसले आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बेटी, ये क्या किया तूने..."

त्यांनी आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. त्यांनी समजावून सांगितलं. एक बाटली उचलून दाखवली. काचेचा जोड गळ्याच्या खालीच संपतो म्हणजे ती तोंडाने फुंकून केलेली, जोड पार तोंडापर्यंत गेला तर मशीनची. काचेत बुडबुडे, तळाला खरखरीत वण. ही खाचांची निळी आहे ना, ती विषारी औषधाची, अंधारात हाताला कळावं म्हणून खाचा. ऐकता ऐकता मला उत्साह आला, एवढ्याशा काचेत केवढा हिशोब! पण मग ते म्हणाले, काच अशी खूप मिळते. औषधाचं मूळ लेबल जिच्यावर शाबूत आहे ती बाटली घेणारे लोक वेगळे आणि किंमत वेगळी.

"लेबलं आहेत न," मामा म्हणाला. "आपन चिपकवू वापस."

"कोणतं कोणत्या बाटलीचं? बाटल्या अर्ध्याहून जास्त एकासारख्या एक. एक जरी गलत लागलं तर ते नकली झालं, मियाँ. माझं नाव जातं. मग मी एकही नेत नाही." त्यांनी टोपी घातली. त्यांना सौसरला एका घरी चिनी मातीच्या बरण्या बघायच्या होत्या. "शाम को याच रस्त्याने परत येतो. जुळवून ठेवा. जुळल्या तर सगळ्या घेतो."

जीप गेली. मामी आत जाऊन चुलीपुढे बसली. संगीता बाजेच्या पायाला टेकून खाली बसली आणि इतकी रडली की तिचा श्वास पुरेना. "मीच केलं न माह्या हातानं... मीच केलं..." तिचं म्हणणं खोटं तरी कसं ठरवणार? मामाने आठवून आठवून दहा-बारा जोड्या लावल्या. वेगळ्या आकाराच्या होत्या त्या. बाकीच्यांपुढे तो हरला. त्याने बाटल्या नाकाशी नेऊनही पाहिल्या आणि मान हलवली. "काहीच नाई. चांगल्याच धुतल्या पोट्टीनं."

आता माझी गंमत ऐका. संगीताला हसवावं म्हणून मी एक बाटली उचलली. लहानपणी आम्ही बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून शिट्टी वाजवायचो. फुंकर मारायला आधी छातीभर श्वास घेतला...

आणि माझ्या नाकात लवंग शिरली.

कशी सांगू? बंद पडलेला सेट, सगळं काढून बघितलेला, भंगारात टाकायला काढलेला, आणि तो कुणी हात न लावता एकदम बोलायला लागावा! माझ्या हातातून बाटली पडता पडता वाचली. लवंग! आई दाढेत धरायला द्यायची ती! तिसरीनंतर पहिल्यांदा! मी ओरडलो, "मामा, लवंग! लवंगेचा वास येऊन राहिला!"

मामाने बाटली घेतली, हुंगली. "नाई रे बापा." संगीताने हुंगली. तिलाही काही नाही. तिला वाटलं मी तिची टर उडवतो आहे, तशी ती आणखीनच चिडली. "भाऊ, हे मजाक कराची येळ आहे काय?"

मी दुसरी उचलली. कापूर, आणि त्याच्या मागे काहीतरी उग्र, भिंत रंगवताना वास येतो तसं. तिसरी उचलली. शाळेत नळाच्या बाजूला फिनाइल टाकायचे तो वास. मला हसू येत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, मी एक ठेवत होतो, दुसरी उचलत होतो, वेडा झालो होतो म्हणा ना!

मामाच्या डोक्यात मात्र प्रकाश पडला. तो सूप ओढून जवळ बसला.

"थांब. पहिलीत लवंग म्हनतो न तू? लवंगेचं तेल दातदुखीच्या औषधात. हे घे लेबल. दुसरीत कापूर अन् टर्पेंटाइन? सांधेदुखीचं मालिश. हे पाय. फिनाइलसारखा म्हन्जे कार्बोलिक. सांग, पुढची सांग!"

मग जे सुरू झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी हुंगून सांगायचो, मामा ओळखायचा, संगीता लेबल शोधून बाटलीखाली ठेवायची. मला औषधांची नावं कुठे माहीत! मी सांगायचो, "मासळी बाजारातून आल्यासारखं, पन तेलकट." मामा म्हणायचा, "कॉड लिव्हर!" मी सांगायचो, "पेपरमिंटच्या गोळीसारखं, त्याच्याखाली खडू." मामा म्हणायचा, "पोटाच्या जळजळीचं!" एका बाटलीने तर नाकाच्या आत चापटच मारली, मी मागे कोलमडलो. मामा टाळी पिटून म्हणाला, "अमोनिया! बाया बेशुद्ध पडल्या का डॉक्टरसाहेब थेच हुंगवत!" संगीता रडायचं विसरली होती. सूप हातात घेऊन ती बाजांमधून नुसती पळत होती.

मध्येच मला वाटलं, नाकच सुटलं! मी धावत आत गेलो, रॉकेलच्या डब्यात नाक घातलं. काही नाही. कांदा फोडला, साबण हुंगला, मामीच्या हातातला मिरचीचा ठेचा. काही नाही! मामी म्हणाली, "याले काय झालं?" परत अंगणात येऊन बाटली उचलली, तर ओवा. लख्ख ओवा. फक्त त्याच बाटल्यांचा वास मला येत होता. कारण शोधायची मला सवय, पण त्या दुपारी पहिल्यांदा मी कारण शोधायचं सोडून दिलं. वेळच नव्हता.

एक बाटली अडली. मी म्हणालो, "हिच्यात काकवी आहे." मामा म्हणाला, काकवीचं औषध कुठे असतं, नीट हुंग. मी पुन्हा हुंगली. काकवीच, उसाच्या रसाची, थोडी जळकी. मामा वैतागला. "मी स्वतः आनली बाटली, त्याच्यात काकवी कशी येईन?" तेवढ्यात चुलीकडून मामी दारात आली. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"मी ठेवत होतो त्याच्यात," ती म्हणाली. "संगी लहान होती तवा. यायले सांगतलं नाई, बाटलीले हात लावला म्हनून बोंबलले असते. मंग धुऊन ठेवून दिली होती परत."

हे मामालाच माहीत नव्हतं, तर मला कुठून कळणार? मी पुन्हा खोल हुंगलं तेव्हा काकवीच्या तळाला निलगिरी सापडली, आणि निलगिरीचं लेबल सुपात होतंच. त्यानंतर मामी आत गेली नाही. ती आमच्यातच बसली आणि लेबलं पुढे करू लागली.

ऊन कलायला लागलं तेव्हा कासिमभाई आले. प्रत्येक बाटलीखाली लेबल बघून खूश झाले. मग त्यांनी विचारलं, कसं केलं? मामाने साध्या मनाने खरं ते सांगून टाकलं. कासिमभाईंच्या चेहऱ्यावरची खुशी विरली. जीपमधून त्यांनी आपली एक छोटी कुपी आणली, बूच काढून माझ्यापुढे धरली. "बोलो भाई. यात काय?"

मी हुंगलं. काहीच आलं नाही. आणखी जोर लावून हुंगलं. संगीता माझ्या मागे हात दोन हात दूर उभी होती, ती कुजबुजली, "गुलाब आहे न भाऊ, मले इथं येऊन राहिला..." पण मला येत नव्हता, तर मी कसं म्हणू? मी म्हणालो, मला काही येत नाही.

"म्हणजे हे सगळं नाटक!" कासिमभाईंनी कुपीला बूच लावलं. "सच्चे लोक समजलो होतो मी तुम्हाला."

माझे कान गरम झाले. त्या वेळी बोलली ती संगीता. जिने स्थळाच्या बोलण्यावर नुसती मान खाली घातली होती ती त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. "साहेब, बाटल्या मी धुतल्या, चूक माही आहे. पन खोटं कोनी बोलून नाई राहिलं. तुमच्याजवळ थे भिंग आहे न? काचेले कुठी कुठी कागद राहिला असन. मी कितीबी घासलं तरी सगळाच निघाला नसन. जुळवून पाहा अन् मंग आमाले खोटं म्हना."

कासिमभाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग खिशातून भिंग काढलं आणि बाजेवर बसले. पहिल्या बाटलीवर त्यांना काही सापडलं नाही. दुसरीवर, पार खाली, तांदळाच्या कणीएवढा कागद चिकटलेला होता. त्यांनी लेबल उचललं. त्याचा तोच कोपरा, तेवढाच, तुटलेला. नंतर एकीच्या काचेवर अर्धं अक्षर निघालं, आणि उरलेलं अर्धं तिच्याखालच्या लेबलावर! कासिमभाई एकेक बाटली फिरवत गेले. जिथे जिथे खूण राहिली होती, तिथे तिथे ती जुळली. शेवटी त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि माझ्याकडे बघायचंही टाळून मामाला म्हणाले, "बांधा. सगळ्या बांधा. मला यात काही विचारायचं नाही."

मामी जागच्या जागी खाली बसली आणि संगीताला जवळ ओढून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. लोधीखेड्याचं नाव त्यानंतर त्या घरात निघालं नाही.

संत्री भरतात तशाच लाकडी पेट्यांत भाताचं वाळलं तणस घालून आम्ही बाटल्या भरल्या. संगीता प्रत्येक बाटलीला तिचं लेबल दोऱ्याने बांधायची, मामा हाताने जागा करायचा आणि बाटली आडवी ठेवायचा. मी प्रत्येक बाटली त्याच्या हातात देण्याआधी एकदा हुंगत होतो. दोन पेट्या भरून त्यांच्या झाकणांना खिळे ठोकले आणि मला जाणवलं, वास बारीक होत चालला आहे. आवाज कमी करत नेतात तसा. तिसऱ्या पेटीला कापूर जेमतेम लागला. मला त्या बाटल्या हव्या होत्या. खरं सांगतो, पेट्या फोडून सगळ्या परत अंगणात मांडाव्या असं वाटलं. संगीताला ते दिसलं असावं. शेवटच्या खाचांच्या निळ्या बाटल्यांपैकी एक तिने तणसातून बाहेर काढली आणि माझ्यापुढे धरली.

"एक ठेवून घे न भाऊ."

पण त्या निळ्या बाटल्यांचा पूर्ण सेट होता. एक कमी झाली तर सेट मोडणार आणि भाव पडणार, हे दुपारपासून मलाही कळायला लागलं होतं. मी ती बाटली नाकाशी नेली. बदामासारखं काहीतरी, फार लांबून. मनात भरून घेतलं आणि बाटली पेटीत ठेवून मीच तिच्यावर तणस दाबलं.

जीप गल्लीतून वळली तशी मी मामाच्या हातांचा वास घेऊन पाहिला. काही नाही. रॉकेल, कांदा, काही नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत, काही नाही.

संगीता नागपूरला गेली, नर्स झाली. पुढे एका मोठ्या दवाखान्यात ती सिस्टर असताना मला ओढत नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर भला माणूस. त्यांनी तपासलं, बाटल्यांमागून बाटल्या हुंगवल्या, मग खुर्चीत मागे टेकून सांगितलं की वासाची नस लहानपणीच पूर्ण मेलेली आहे, तिला मध्येच एका दुपारपुरतं जाग येणं शक्यच नाही. मला ते पटलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. मी काही हुज्जत घातली नाही, उठायला लागलो.

पण संगीता पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये माझ्या खुर्चीमागे उभी होती. तिथे इतकी वर्षं शुद्ध बोलणारी ती, एकदम घरच्या बोलीवर आली.

"नस मेली असन, सर, मी नाई म्हनत नाई. पन मंग मी इथं कशी उभी आहे, थे सांगा."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचा पेशंट आत बोलवायचा विसरून गेले.